काउंटी म्हणजे जिल्हा नव्हे: कॉटनवुड फॉल्सच्या कोर्टहाउसची गोष्ट



आज जरा लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी निवांत वाचा. विषय नीरस वाटेल, पण पैसे तुमचे आहेत, म्हणून वाचाच.

अमेरिकेत ज्यांनी घर घेतलंय त्यांच्याकडे दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्सचा कागद येतो. आपण त्यात दोनच गोष्टी बघतो, रक्कम किती आणि तारीख कोणती. एस्क्रोमधून परस्पर जात असेल तर तेवढंही बघत नाही. त्या कागदाच्या डोक्यावर मात्र एका काउंटीचं नाव असतं. घराची डीड तिथेच नोंदलेली, लग्नाचं लायसन्स तिथूनच, मतदारयादी तिथली, ज्युरी ड्यूटीचं पत्र तिथलं. आणि मुलांनी विचारलं, "आई, काउंटी म्हणजे काय?" की आपण "अगं, जिल्हा!" म्हणून मोकळे होतो.

जिल्हा नव्हे. आपल्याकडे जिल्हाधिकारी वरून येतो, दोन-तीन वर्षांनी त्याची बदली होते, आणि तो जबाबदार असतो तो मंत्रालयाला. काउंटीत वरून कोणी येत नाही. खजिनदार, शेरीफ, दस्त नोंदवणारी बाई, सरकारी वकील, सगळे तिथल्याच लोकांनी मतं देऊन बसवलेले. कॅन्ससमध्ये अशा १०५ काउंट्या आहेत. मी ज्या जॉन्सन काउंटीत राहते तिथे सहा लाखांवर माणसं. एवढ्या मोठ्या ठिकाणी कारभार दिसत नाही, नुसती वेबसाइट दिसते.

मी व्यवसायाने सीए. आर्टिकलशिपमध्ये आमचे सर सांगायचे, मोठ्या कंपनीचा कारभार समजून घ्यायचा असेल तर आधी तिची सगळ्यात लहान ब्रँच तपास, सगळी खाती एका टेबलावर दिसतात. लेकीला सातवीत कॅन्ससचा इतिहास आला तेव्हा मी तेच केलं. कॅन्सस सिटीहून एम्पोरियामार्गे साधारण दोन तासांवर चेज काउंटी आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,५७२. क्षेत्रफळ ७७८ चौरस मैल. म्हणजे मैलाला तीन-साडेतीन माणसं! आपल्या पुण्याच्या एका सोसायटीत याहून जास्त लोक गणपतीच्या आरतीला येतात.

काउंटीचं मुख्य गाव कॉटनवुड फॉल्स. विटांनी बांधलेला एक रस्ता, नाव ब्रॉडवे. (हसू नका, प्रत्येक गावाला आपापला ब्रॉडवे असतो.) त्या रस्त्याच्या दक्षिण टोकाला, जणू रस्ता तिच्यासाठीच काढलाय अशी, फिकट चुनखडीच्या दगडाची तीन मजली इमारत उभी आहे. वर लालसर उतरतं छप्पर, फ्रेंच धाटणीचं, त्यावर घड्याळ आणि मनोरा, उंची शंभर फुटांच्या वर. आत काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा गोल फिरत जाणारा जिना. ते लाकूड तिथल्याच कॉटनवुड नदीच्या काठचं आणि दगडही तिथलाच. काम १८७१ मध्ये सुरू झालं, १८७३ मध्ये संपलं. वास्तुविशारद जॉन हॅस्केल, ज्याने टोपेकाच्या स्टेटहाउसवरही काम केलं. कॅन्ससमधल्या अजून वापरात असलेल्या कोर्टहाउसांपैकी हे सगळ्यात जुनं.

आता माझ्यातली हिशेबनीस बोलते. खर्च आला चाळीस हजार डॉलरच्या वर. त्या वेळी काउंटीची वस्ती जेमतेम दोन हजारांच्या घरात. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत डोई वीस डॉलर. आणि ही माणसं राहत होती कशात? लाकडी खोपटात, दगडी एकखणी घरात. कोर्टाचं आधीचं कामही ओंडक्यांच्या घरातून चालायचं. मग एवढा थाट कशाला?

मला वाटतं ती जाहिरात होती. रेल्वे आली होती १८७१ मध्ये, पण नदीच्या पलीकडे, उत्तरेला. तिथे स्टेशन झालं आणि त्याभोवती दुसरं गाव वाढायला लागलं. तेच पुढे सान्ता फे रेल्वेच्या अध्यक्षाच्या नावावरून स्ट्राँग सिटी झालं. दोन मैलांवर स्टेशनवालं गाव असताना काउंटीचं ठाणं आपल्याकडेच राहील याची काय खात्री? दगडात बांधून टाका, की कोणी उचलून नेणार नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर त्यांनी चालू वर्षाचा खर्च न करता भविष्यावर भांडवल लावलं.

ही भीती खोटी नव्हती. कॅन्ससमध्ये त्या काळी "काउंटी सीट कोणतं" यावरून अक्षरशः गोळीबार झाले. ठाणं ज्या गावी, त्या गावी कोर्ट, वकील, बँक, हॉटेल, वर्तमानपत्रातल्या सरकारी नोटिसा. ठाणं गेलं की गाव वाळलं. कॉटनवुड फॉल्स वसवणाऱ्यांतला एक होता सॅम्युएल वुड. वकील, गुलामगिरीचा कट्टर विरोधक, १८५९ मध्ये इथे वर्तमानपत्र काढणारा. १८६७ मध्ये कॅन्ससमध्ये बायकांना आणि काळ्या पुरुषांना मताचा हक्क द्यावा का, यावर सार्वमत झालं. तेव्हा दोन्हींच्या बाजूने प्रचार उभारणाऱ्यांत हा पुढे होता. दोन्ही प्रस्ताव पडले, ते वेगळं. पुढे म्हातारपणी हा माणूस राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला स्टीव्हन्स काउंटीत गेला, स्वतःच्या नावाचं वुड्सडेल गाव वसवलं आणि ह्यूगोटन गावाशी काउंटी सीटवरून वैर घेतलं. त्या भांडणात १८८८ मध्ये वुड्सडेलच्या बाजूच्या चार माणसांचा खून झाला. १८९१ च्या जूनमध्ये ह्यूगोटनला कोर्ट एका चर्चमध्ये भरलं होतं, तिथून बाहेर पडताना खुद्द वुडला गोळ्या घातल्या. मारेकऱ्यावर नीट खटलाही चालला नाही, कारण त्या काउंटीत पक्षपाती नसलेली ज्युरीच मिळेना.

ही गोष्ट लेकीला सांगितली तर ती म्हणाली, "एवढं सगळं एका ऑफिसच्या बिल्डिंगसाठी?" मी म्हटलं, बाई गं, आपल्याकडे तालुक्याचं ठाणं कुठे यावरून अजून बंद पुकारले जातात.

आता नावाबद्दल. सॅमन पी. चेज हा माणूस आमच्या पेशातल्यांना तर फारच मजेशीर वाटेल. ओहायोचा गव्हर्नर, गुलामगिरीचा विरोधक. १८५९ मध्ये ही काउंटी बटलर आणि वाइज या दोन काउंट्यांतून जमीन काढून केली, तेव्हा कॅन्सस अजून राज्य नव्हतं, टेरिटरी होतं. १८५४ च्या कायद्याने "गुलामगिरी हवी की नको ते तिथल्या वस्तीनेच ठरवावं" असं म्हटलं होतं, आणि मग दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊन मतं वाढवायला आली. म्हणून काउंट्यांची नावंसुद्धा राजकारण होती. वाइज काउंटीचं नाव ज्याच्यावरून पडलं, तो व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. तेही नाव पुसलं गेलं आणि गुलामगिरीविरोधी सिनेटर मॉरिसचं दिलं. नामांतराचे वाद आपलेच असतात असं वाटतं ना? इथे तर नकाशाच त्यातून काढलाय.

तर चेज. लिंकनने त्याला अर्थमंत्री केलं. यादवी युद्धाला पैसा कमी पडला तेव्हा त्याच्या खात्याने सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटा काढल्या, ग्रीनबॅक म्हणतात त्या. १८६२ च्या एक डॉलरच्या नोटेवर चित्र कोणाचं? स्वतः चेजचं! नंतर तो सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश झाला, आणि १८७० मध्ये त्याच्याच कोर्टासमोर प्रश्न आला की जुनी देणी या नोटांनी फेडता येतात का. चेजने निकाल दिला, नाही, तशी सक्ती घटनेत बसत नाही. म्हणजे मंत्री म्हणून सही केली ती न्यायाधीश म्हणून खोडली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात कोर्टाने तो निकाल फिरवला, म्हणून आज आपल्या खिशातला डॉलर चालतो. १८७३ च्या मे महिन्यात चेज वारला. त्याच वर्षी त्याच्या नावाच्या काउंटीचं कोर्टहाउस पुरं झालं.

१८७३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र इमारतीबद्दलच्या गोड माहितीत सहसा येत नाही. या टेकड्या कॉ लोकांच्या होत्या. कांझा म्हणूनही ओळखतात त्यांना, आणि राज्याचं नावच त्यांच्यावरून पडलंय. १८२५ च्या करारात त्यांच्याकडून प्रचंड मोठा मुलूख घेतला. १८४६ मध्ये कौन्सिल ग्रोव्हजवळ, म्हणजे चेजला लागून उत्तरेला, वीस मैल लांब-रुंद राखीव जागा दिली. १८५९ मध्ये, ज्या वर्षी काउंटी काढली त्याच वर्षी, नव्या कराराने ती ऐंशी हजार एकरांवर आणली. आणि १८७३ मध्ये त्यांना तिथूनही उठवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. एकीकडे अक्रोडाचा जिना पॉलिश होत होता आणि दुसरीकडे दोन दिवसांच्या वाटेवर एक अख्खा समाज सामान बांधत होता. कोर्टहाउसमधल्या जमिनीच्या नोंदवह्या कुठल्या वर्षापासून सुरू होतात ते बघा. त्याआधीचं पान कोरं नव्हतं, ते त्यांच्या वहीत धरलेलं नाही इतकंच. मुलांना शाळेत हे हल्ली शिकवतात, पण दोन वेगवेगळ्या धड्यांत. दोन्ही तारखा शेजारी-शेजारी ठेवायचं काम घरी करावं लागतं.

जमीन मोजली कशी, हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं प्रकरण. फेडरल सरकारने आधी सगळा मुलूख एक-एक मैलाच्या चौकटीत आखला. एका चौकटीला सेक्शन म्हणायचं, ६४० एकर. तिचा चौथा हिस्सा १६० एकर, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला मिळायची ती एवढीच. मोजायला साखळी होती ६६ फुटांची, सतराव्या शतकातल्या एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाच्या नावाची. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल, आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आता आपला गुंठा घ्या. ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी होती ३३ फुटांची, बरोब्बर गुंटरच्या साखळीच्या निम्मी! म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर होतो आणि तो कॅन्ससच्या एकराशी तंतोतंत जुळतो. तुमच्या आजोबांचा सातबारा आणि इथल्या रँचची डीड एकाच मापाची पिल्लं आहेत. ही नावं सारखी का वाटतात म्हणाल, तर गुंठा आणि गुंटर यांचा संबंध लावायच्या फंदात मी पडत नाही, पण माप एक हे नक्की.

याहून पुढचं साम्य बघा. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात सारा नव्याने बसवला. जमीन विकली तर किती येतील, हे त्यांनी पाहिलं नाही. माती किती खोल, कोणत्या जातीची, यावरून तिची प्रत ठरवली, सोळा आण्यांपासून खाली. कॅन्सस आज शेतजमिनीवर कर लावतं तो बाजारभावाने नाहीच. मातीचा प्रकार आणि आठ वर्षांचं सरासरी उत्पन्न बघून "वापराची किंमत" काढतात, तिच्या ३० टक्के रक्कम करपात्र धरतात. घराला मात्र बाजारभाव लागतो, त्याच्या साडेअकरा टक्के. दुकान-ऑफिसला बाजारभावाच्या २५ टक्के.

जरा आकडे मांडते, वहीत लिहून घ्या. समजा कॅन्ससमधलं घर तीन लाख डॉलरचं. साडेअकरा टक्के म्हणजे ३४,५००. आता दर असतो मिलमध्ये. एक मिल म्हणजे करपात्र हजार डॉलरला एक डॉलर. समजा सगळे मिळून १३० मिल. तर कर ४,४८५ डॉलर. तेवढ्याच किमतीच्या दुकानाला ९,७५०. बिल दोन हप्त्यांत भरता येतं, पहिला २० डिसेंबर, दुसरा १० मे. त्या १३० मध्ये काउंटी, गाव, शाळा, असे वेगवेगळे वाटेकरी असतात. राज्यभर शाळांसाठीचे २० मिल त्यातच. आपण "काउंटी फार कर लावते" म्हणतो, पण काउंटी बहुतेक वेळा वसुली करणारी असते, खाणारी तोंडं अनेक. ओळीन्ओळ वाचल्याशिवाय कोणावर चिडायचं तेही कळत नाही.

चेज काउंटीत तीन कमिशनर. २,५७२ भागिले तीन, म्हणजे साधारण साडेआठशे माणसांमागे एक. रस्ते, पूल, अर्थसंकल्प, शेरीफचा खर्च, सगळं या तिघांनी बहुमताने ठरवायचं. बहुमत म्हणजे दोन. आणि कॅन्ससच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार बहुमताएवढे सभासद कामाबद्दल बोलायला लागले की ती सभा धरली जाते. म्हणजे तिघांपैकी दोघे ब्रॉडवेवरच्या हॉटेलात पाय ठेवतात, कॉफी मागवतात आणि "त्या पुलाचं काय करायचं" एवढं बोलतात, तर कायद्याच्या दृष्टीने त्यांनी लोकांना बाहेर ठेवून बैठक घेतली! एवढ्याशा गावात दोन शेजाऱ्यांनी पुलाबद्दल बोलायचं नाही म्हणजे कमालच.

काउंटी क्लर्क निवडणुका घेते आणि हिशेबही ठेवते. ट्रेझरर कर घेते आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही देते. रजिस्टर ऑफ डीड्सकडे जमिनीचे दस्त. न्यायाधीशांचा मात्र जिल्हा वेगळा आहे, चेज आणि शेजारची लायन अशा दोन काउंट्या मिळून पाचवा न्यायिक जिल्हा. तरी राज्याचा नियम असा की प्रत्येक काउंटीत राहणारा निदान एक न्यायाधीश असलाच पाहिजे, केसेस कितीही थोड्या असोत. खर्चाच्या नजरेने बघितलं तर हा नियम तोट्याचा. कॉस्टिंग करणारा कोणीही पहिल्या दिवशी कात्री लावेल. मी लावणार नाही. नवऱ्याच्या मारापासून संरक्षणाचा आदेश मागायला बाईला साठ मैल गाडी हाकावी लागली तर ती जाणारच नाही, आणि तो न गेलेला खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

भूगोलाचं राहिलंच की! या भागाला फ्लिंट हिल्स म्हणतात. चुनखडीचे थर आणि त्यात फ्लिंट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड. नांगर घातला की फाळ मोडायचा. म्हणून आजूबाजूची सगळी गवताळ मैदानं नांगरून गहू-मका झाली, ही टेकाडं मात्र गवताचीच राहिली. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेरीपैकी आता चार टक्केसुद्धा उरलेली नाही, आणि जी आहे ती बरीचशी इथे. शेताला निरुपयोगी जमीन गुरांना मात्र सोन्यासारखी, कारण चुनखडीवरचं ब्लूस्टेम गवत गुरांना अंगी लागतं. दूरदूरची गुरं उन्हाळ्यात इथे चरायला आणतात. दर वसंतात रँचवाले जुनं गवत जाळतात म्हणजे नवं जोमाने येतं आणि झाडं-झुडपं माजत नाहीत. कोकणातल्यांना राब भाजणं आठवेल, पण इथे डोंगरच्या डोंगर पेटवतात. कॉ आणि ओसेज लोकही जाळायचे, हे तंत्र गोऱ्यांनी आणलेलं नाही.

या गवताचं राष्ट्रीय उद्यान करावं अशी मागणी अनेक वर्षं होत होती आणि इथलेच लोक विरोध करत होते. शहरातले पर्यावरणवाले त्यांना अडाणी म्हणायचे. मी त्यांची बाजू हिशेबाने सांगते. जमीन फेडरल सरकारची झाली की ती प्रॉपर्टी टॅक्सच्या यादीतून निघते. लाखो लोकांच्या काउंटीत कोणाला पत्ताही लागणार नाही. पण जिथे कराचा मुख्य आधारच कुरण आहे, तिथे दहा हजार एकर यादीतून गेले तर शाळेचे आणि रस्त्याचे पैसे उरलेल्यांच्या डोक्यावर. शेवटी सिनेटर नॅन्सी कॅसबाउम यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये तोड निघाली. टॉलग्रास प्रेरी नॅशनल प्रिझर्व्ह झालं, जवळजवळ अकरा हजार एकरांचं, पण कायद्यातच लिहिलं की पार्क सर्व्हिसच्या मालकीची जमीन १८० एकरांपेक्षा जास्त नसेल. बाकीची खाजगी संस्थेकडे, आज ती द नेचर कॉन्झर्व्हन्सीकडे आहे, आणि कारभार दोघे मिळून बघतात. २००९ मध्ये तिथे बायसन परत आणले. अशी तडजोड कागदावर बसवणाऱ्याला माझा नमस्कार.

आता कडू भाग. १९०० च्या आसपास इथे आठ हजारांवर माणसं होती. यंत्रं आली, रँच मोठ्या झाल्या, मुलं शिकायला गेली ती गेलीच. (हे कोणाला ऐकवतेय मी!) माणसं तिपटीने घटली, पण काउंटीचे रस्ते तेवढेच लांब आहेत आणि नदीवरचे पूल तेवढेच. मग पैसा आणायचा कुठून? कोर्टहाउसमधला जुना तुरुंग बंद झाला आणि गावात नवं डिटेन्शन सेंटर झालं, काउंटीच्या स्वतःच्या कैद्यांना लागतील त्याहून कितीतरी जास्त खाटांचं. जास्तीच्या खाटा दुसऱ्या काउंट्यांना आणि फेडरल सरकारला भाड्याने. त्यात इमिग्रेशन खात्याने पकडलेले लोकही असतात. चाळीस हजारांचं कोर्टहाउस बांधणाऱ्यांनी वस्ती वाढेल यावर भांडवल लावलं होतं. आता मिळकत आहे ती दुसऱ्या कोणाला तरी देशाबाहेर काढेपर्यंत सांभाळण्याची. रँचवाल्यांच्या कराची बाजू मी वर मांडली, याही उत्पन्नाने पूल दुरुस्त होतात हे मला कळतं, पण व्हिसाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या आपल्यासारख्यांना ती जमेची ओळ सहज वाचता येत नाही. मला आली नाही.

म्हणूनच शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कॅन्ससमध्ये २०२१ पासून कायदा आहे. घरांच्या किमती वाढल्या म्हणून आपोआप जास्त कर गोळा होत असेल, तर गेल्या वर्षीइतकीच रक्कम येईल असा दर आधी काढायचा. त्याला रेव्हेन्यू न्यूट्रल रेट म्हणतात. त्यापेक्षा जास्त घ्यायचं असेल तर काउंटीला जाहीर सुनावणी घेऊन मतदान करावं लागतं, आणि तुमच्या घरी त्याचं पत्र येतं. उन्हाळ्याच्या शेवटी येतं, जाहिरातीसारखं दिसतं आणि आपल्यापैकी नव्वद टक्के लोक ते रिसायकलच्या डब्यात टाकतात. नागरिकत्व मिळालेलं नसेल तर तुम्हाला मत नाही, खरंय. पण सुनावणीला जाऊन बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि कर तर तुम्ही पहिल्या दिवसापासून भरताय. दुसऱ्या राज्यातल्यांनी आपल्या काउंटीचा नियम बघून घ्या, प्रत्येकाचं गणित वेगळं. आणि हो, नोव्हेंबरात अठरा पूर्ण केलेली तुमची मुलं मत द्यायला जातील तेव्हा मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाखाली बरंच पुढे शेरीफ, ट्रेझरर, कमिशनर असतात. तिथपर्यंत वाचायला सांगा.

बघायला जायचं असेल तर शनिवार-रविवार नको, कामाच्या दिवशी जा, म्हणजे इमारत "चालू" दिसेल. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलात की घड्याळाखालच्या लंबगोल खिडकीतून ब्रॉडवे थेट नदीपर्यंत दिसतो. या एका काउंटीवर विल्यम लीस्ट हीट-मून यांनी १९९१ मध्ये "प्रेरीअर्थ" नावाचं सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलंय, मोठ्या मुलांना झेपेल. फुटबॉलवेड्या मुलांना बझारजवळची ती जागा सांगा, जिथे ३१ मार्च १९३१ ला नोत्र दामचे कोच नूट रॉक्नी यांचं विमान पडलं आणि आठ जण गेले. प्रवासी विमानांच्या सुरक्षेचे नियम कडक व्हायला तो अपघात मोठं कारण ठरला. प्रिझर्व्हमध्ये १८८२ ची दगडी एकखोली शाळा आहे, लहानांना ती आवडते.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर अंधार पडल्यावर टेकड्यांवर आगीच्या रेघा दिसतील. गाडीच्या काचा वर ठेवा, आणि घरात कोणाला दमा असेल तर इनहेलर डॅशबोर्डवर, बॅगेत नको. पेट्रोल एम्पोरियातच भरून घ्या.